माहिती घेऊन भिणारे गरड सर

इतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी त्यांच्या पाठीमागं बोलत नाही, गरड सर स्वतःच सांगायचे. शाळेत नवीन शिक्षक आला की नाव, गाव, विषय सांगून झाल्यावर ते खालच्या आवाजात म्हणायचे, "आणि मी जरा भित्रा हाय. आधीच सांगून ठेवतो, नंतर गैरसमज नको."

येडशीच्या पलीकडं, रामलिंगच्या जंगलाला लागून असलेल्या एका गावात आमची माध्यमिक शाळा होती. मी मराठी शिकवायची, सर विज्ञान. उंच, किडकिडीत अंग, उन्हाळ्यातसुद्धा मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट. सायकलवर येताना ते हेल्मेट घालायचे. सायकलवर हेल्मेट घालणारा माणूस आमच्या भागात कुणी पाहिलेला नव्हता, त्यामुळं सुरुवातीला पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून बघायची. शिक्षकांच्या खोलीबाहेर काढलेले बूट सर परत घालताना उलटे करून आपटायचे, आत वाकून बघायचे आणि मगच पाय घालायचे. माझ्या चपला तर उघड्याच असायच्या, तरी त्याही एकदा पायानं सरकवून बघायचे. आभाळ गुरगुरलं की शिकवता शिकवता खडू खाली ठेवून बाहेर पळायचे आणि मैदानातल्या चिंचेखाली उभ्या असलेल्या पोरांना हाकलत आत आणायचे. शिपाईमामा हसायचे. सरांना त्याचं काही वाटत नसे.

"भ्यायला माझी ना न्हाय, मॅडम," एकदा ते मला म्हणाले, "पण माहिती घेऊन भ्यावं. माहिती नसली की माणूस नको त्याला भितो, आन् ज्याला भ्यायचं त्याच्याच शेजारी जाऊन बसतो."

ही माहिती ते वाटायचे शनिवारी. सकाळची शाळा असायची आणि शेवटचे दोन तास सरांची प्रश्नमंजूषा. नववी-दहावीच्या पोरांचे गट पाडायचे, प्रत्येक गटाच्या बाकावर एक जुनी सायकलची घंटी. विषय मिश्र. गोदावरी कुठं उगम पावते, राज्यसभेचे सभापती कोण असतात, रातांधळेपणा कशाच्या अभावानं होतो, गुरूला कडी असते का. पण दर शनिवारी एक प्रश्न ठरलेला असायचा: साप, वीज, विहिरीतला विषारी वायू, पिसाळलेलं कुत्रं, तुटलेली विजेची तार. यांपैकी काहीतरी. हेडसर एकदा म्हणाले, "गरड सर, लेकरं घाबरतील की अशानं." सर म्हणाले, "घाबरू द्या की सर."

गुण देण्याची त्यांची पद्धतही वेगळी होती. बरोबर उत्तराला पूर्ण गुण. चुकीच्या उत्तराचा गुण कापायचा. आणि जो उभा राहून स्पष्ट आवाजात "माहीत नाही" म्हणेल त्याला अर्धा गुण. पालकांच्या सभेत यावरून एकदा वाद झाला. माहीत नसल्याबद्दल गुण कशाला, असं एकानं विचारलं. सर उभे राहिले, खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि म्हणाले, "ज्याला माहीत न्हाय पण माहीत हाय असं वाटतं, त्याचीच मला सगळ्यात जास्त भीती वाटती." आणि पटकन खाली बसले.

पोरांमध्ये त्यांची खास होती ऋतुजा. मेंढपाळ कुटुंबातली पोर. गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. बाप भागवत मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा. ऋतुजाचा हात घंटीवर इतका झपकन पडायचा की प्रश्न संपायच्या आधीच घंटी वाजायची, आणि सर रागवायचे, "आधी ऐक, मग वाजव." तरी बहुतेक वेळा तिचं बरोबरच असायचं.

ऋतुजा आणि आणखी दोघी अशा गटाला घेऊन आम्ही एकदा तुळजापूरला आंतरशालेय स्पर्धेला गेलो. सभागृह भरलेलं, व्यासपीठावर साहेब लोक. सरांनी पोरींना आत सोडलं आणि स्वतः बाहेरच्या जिन्यावर जाऊन बसले. मी विचारलं, "आत येत नाही?" म्हणाले, "माझ्यानं बघवत न्हाय. तुम्ही बघा आन् मला सांगा."

शेवटच्या फेरीत प्रश्न आला, चंद्रावरून दिसणारी मानवनिर्मित वस्तू कोणती? ऋतुजानं घंटी दाबली आणि सांगितलं, "कुठलीच नाही." सूत्रसंचालक हसले. "चुकलं. चीनची भिंत." टाळ्या झाल्या, गुण दुसऱ्या शाळेला गेला. मागं वळून पाहिलं तर दारात सर उभे. जिन्यावरून सगळं ऐकत होते. त्यांनी हात वर केला होता. सगळं सभागृह त्यांच्याकडं बघायला लागलं. मग ते बोलले. "सर, माफ करा. चंद्रावरून भिंत दिसत न्हाय. मुलगी बरोबर हाय."

"आमच्या पुस्तकात आहे, सर."

"पुस्तकात चूक हाय, सर."

सूत्रसंचालकांनी व्यासपीठाकडं बघितलं. तिथले एक साहेब म्हणाले की निर्णय अंतिम असतो. सरांनी दोन्ही हात जोडले आणि परत जिन्यावर गेले. आमची शाळा हरली. परतीच्या एसटीत सर पोरींना एवढंच म्हणाले, "मार्क गेला. उत्तर बरोबरच व्हतं, ते तसंच ऱ्हाणार." पण येडशी येईपर्यंत माझ्याकडं वळून वळून विचारत राहिले, "साहेब रागावले असतील का हो? आपल्या शाळेला काय तरास तर व्हणार न्हाय ना?" त्यांचा चेहरा घामानं भिजला होता. मी हसले होते त्या दिवशी.

त्यानंतरच्या आषाढातला तो शनिवार. मी शेजारच्या वर्गात होते. मधल्या भिंतीपलीकडून घंट्या, हसणं, सरांचा आवाज, सगळं नेहमीसारखं ऐकू येत होतं. मग हसणं एकदम मोठं झालं आणि सरांचा आवाज बंद झाला. थोड्या वेळानं सर माझ्या वर्गाच्या दारात आले.

"मॅडम, जरा येता का? मला लई भ्या वाटायलंय."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं की मी हसतच उठले. जवळ जाऊन त्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू गेलं. ओठ पांढरे पडले होते.

ऋतुजा पहिल्या बाकावर बसली होती. ती मान मागं टाकून, हनुवटी वर करून फळ्याकडं बघत होती, जशी म्हातारी माणसं चष्म्याच्या खालच्या भागातून बघतात तशी. वर्गातली पोरं त्यालाच हसली होती. त्यांना वाटलं तिला झोप येतेय. तिच्या पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या आणि त्या वर उचलता येत नाहीत म्हणून ती मान मागं नेत होती.

सर तिच्यासमोर उकिडवे बसले. "पोट कधीपास्नं दुखायलंय म्हणालीस?"

"पहाटंपास्नं." तिचा आवाज नाकातून येत होता. "आईनं पित्ताची गोळी दिली."

"दिसतंय का नीट?"

"दोन-दोन दिसायलंय, सर. तुम्ही बी दोन."

"राती कुठं झोपली व्हतीस?"

"खाली. मेंढरांपाशी."

"काय चावलं का?"

"न्हाय, सर."

सर उठले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "मण्यार हाय, मॅडम. मण्यार चावलेली कळत न्हाय. सूज न्हाय, खूण न्हाय. झोपेतल्या माणसाला मुंगी चावल्याएवढंबी वाटत न्हाय. आधी पोट दुखतं, मग पापण्या, मग गिळणं बंद, मग श्वास." शेवटचा शब्द त्यांनी नुसता ओठांनी उच्चारला.

रुग्णवाहिकेला फोन लावला, ती दुसरीकडं गेलेली होती. हेडसर म्हणाले, पोरीला आधी घरी पाठवू, घरच्यांना ठरवू दे. तेवढ्यात निरोप मिळून भागवत आणि त्याची बायको सुनीता आलेच. भागवतनं लेकीचे हात-पाय उलटेपालटे करून बघितले. कुठं काही नव्हतं.

"सर, साप चावला असता तर दात दिसले असते की. पित्त झालंय तिला. घरी निजवतो, उतरंल."

"उतरणार न्हाय, भागवतराव. वाढंल."

"आन् साप असलाच, तर मग दवाखान्यात कशाला? देवाकडं न्यायची. आमच्यात सगळ्यांना तिकडंच नेत्यात."

म्हणजे साप असला तरी दवाखाना नाही आणि नसला तरी नाही. हेडसर माझ्याकडं बघायला लागले. खरं काय, मलाही ठाऊक नव्हतं. समोर एक घाबरट माणूस, ज्याला चपलेतसुद्धा साप दिसतो. त्याचं कितपत ऐकायचं?

सर भागवतच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. "भागवतराव, माझं चुकलं तर साऱ्या गावात मला हसा. मी रोज तुमच्या वस्तीवर यीन, तोंडावर हसा. पण तुमचं चुकलं तर दुरुस्त करायला काय ऱ्हाणार न्हाय. एकदा तिला पाणी पाजून बघा."

सुनीतानं तांब्या ऋतुजाच्या तोंडाला लावला. पाणी आत गेलंच नाही. तोंडाच्या कडेनं आणि नाकातून बाहेर आलं. ऋतुजाच्या डोळ्यांत, त्या मिटत चाललेल्या पापण्यांच्या फटीत, मला पहिल्यांदा भीती दिसली. भागवत पुढं झाला. त्यानं लेकीला खांद्यावर उचललं.

रफिकभाईची काळीपिवळी जीप फाट्यावर उभी असायची. त्यानं बसलेल्या सवाऱ्या उतरवल्या आणि आम्हाला घेतलं. "सर, टेन्शन नका घेऊ, पोचवतो," एवढंच तो म्हणाला आणि हायवेला लागल्यावर हॉर्नवरचा हात काढलाच नाही. मागच्या बाकावर ऋतुजा कुशीवर, डोकं सुनीताच्या मांडीवर. भागवत पायाशी. सर खाली, दोन बाकांच्या मधल्या जागेत, गुडघ्यांवर बसलेले. तिचा हात त्यांच्या हातात. मी रुमालानं तिच्या तोंडातून गळणारी लाळ पुसत होते.

पापण्या आता पूर्ण मिटल्या. मान लुळी पडली. सुनीता ओरडली, "गेली ओ माझी पोर, गेली."

"गप ऱ्हावा ताई," सर म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण त्यांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तिला सगळं ऐकू यायलंय. ह्यात माणूस झोपत न्हाय. सगळं कळतं, फकस्त हलता येत न्हाय. तिच्या कानावर असलं पडू देऊ नका."

मी त्या पोरीच्या मिटलेल्या चेहऱ्याकडं बघत होते आणि आत ती जागी आहे, ऐकते आहे, हे माझ्या डोक्यात शिरत होतं. मला आयुष्यात तेवढी भीती कधी वाटली नाही.

सर तिच्या कानाशी वाकले. "ऋतुजा, शनिवार हाय. आपली फेरी अर्धी ऱ्हायली. पर्याय चार. जितवा पर्याय बरोबर, तितक्यांदा बोट दाब. हवेत सगळ्यात जास्त कोणता वायू? एक, ऑक्सिजन. दोन, नायट्रोजन. तीन, हायड्रोजन. चार, कार्बन डायऑक्साइड."

आम्ही सगळे त्या हाताकडं बघत होतो. तिची बोटं सरांच्या बोटाभोवती किंचित आवळली. सैल झाली. परत आवळली.

"बरोबर," सर म्हणाले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता. "पुढचा."

असे प्रश्न चालले. नद्या, ग्रह, जीवनसत्त्वं. उत्तरं हळू होत गेली. मग एका प्रश्नाला बोट हललंच नाही. सरांनी माझ्याकडं पाहिलं. तिची छाती अगदी वरवर हलत होती. भागवतनं डोक्यावरचा पटका काढून तोंडात धरला होता. सर थांबले नाहीत. प्रश्न विचारायचे, पर्याय सांगायचे, थोडं थांबायचे आणि उत्तर स्वतःच सांगायचे. "बरोबर, ऋतुजा. पुढचा." धाराशिवच्या दवाखान्याच्या दारात स्ट्रेचर येईपर्यंत त्यांचं ते चालू होतं.

तिथल्या डॉक्टर तरुण होत्या. सर धापा टाकत सांगायला लागले, "खूण न्हाय, पण पहाटंपास्नं पोट, मग दुहेरी दिसणं, मग पापण्या..." डॉक्टरांनी सरांना पुरतं बोलूही दिलं नाही, आत वळून इंजेक्शनची नावं सांगायला लागल्या. थोड्याच वेळात ऋतुजाच्या घशात नळी घालून तिला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. बाहेर येऊन डॉक्टर म्हणाल्या, "मण्यारच आहे. वेळेत आणलंत. आता वाट बघायची."

वाट बघताना मी सरांना एक विचारलं. मला वाटत होतं, यांच्या घरात कधीतरी असं काही घडलं असणार. भाऊ, बहीण, कुणीतरी गेलं असणार. त्याशिवाय माणूस इतका भीत नाही आणि इतकं वाचून ठेवत नाही. सरांनी आठवून बघितल्यासारखं केलं आणि मान हलवली. "न्हाय हो. आमच्यात कुणालाच काय झालं न्हाय. आई-वडील म्हातारे होऊन गेले. मला लहानपणापास्नं तशीच भीती वाटती. कारण असं काय न्हाय."

ऋतुजा वाचली. पापण्या पहिल्यांदा उघडल्या तेव्हा आम्ही शाळेत होतो. नळी काढल्यावर भागवतनं फोन केला आणि आम्ही दोघं भेटायला गेलो. ती उशीला टेकून बसली होती, गळ्याचा आवाज फाटलेला. सर खाटेपासून जरा लांबच उभे राहिले. यंत्रांच्या वायरींना पाय लागेल म्हणून.

"सर," ऋतुजा म्हणाली, "जीपमध्ये तुम्ही एक उत्तर चुकीचं सांगितलं."

"कोणतं?"

"शरीराचा सगळ्यात मोठा अवयव. तुम्ही यकृत म्हणालाव. त्वचा हाय, सर. मला सांगायचं व्हतं, पर बोट हलंना."

सर शेजारच्या रिकाम्या खाटेवर बसले. चेहरा दोन्ही हातांत धरला आणि खांदे गदगदा हलायला लागले. सुनीतानं त्यांच्यासाठी पाणी आणलं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले. "गुण दे तिला," असं कुणाला तरी सांगितल्यासारखं पुटपुटले.

यानंतर सरांची भीती कमी झाली असेल असं कुणालाही वाटेल. उलट झालं. गावानं सत्काराचा कार्यक्रम ठेवला, सरांनी त्या दिवशी रजा टाकली. मग लोक त्यांच्याकडं लेकरं घेऊन यायला लागले. पोट दुखतं, डोकं जड झालंय, सर, जरा बघा की. सर प्रत्येकाला हात जोडून म्हणायचे, "दवाखान्यात न्या, मी डॉक्टर न्हाय." लोकांना तो त्यांचा साधेपणा वाटायचा. मला मात्र त्यातली भीती दिसायची. एकदा बोलले, "मॅडम, पूर्वी लोक हसायचे तेच बरं व्हतं. आता ऐकायलेत. एखाद्या दिवशी मी 'काय न्हाय' म्हणीन आन् असंल."

तरी ते सायकलवर वस्तीवर जात राहिले. दिवसाउजेडी, शाळा सुटल्यावर. खाली झोपू नका, बाजेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली खोचा. हे घरोघरी सांगायचे. ज्या घरात अंधार असेल त्या घरात मात्र शिरायचे नाहीत. दाराबाहेरूनच सांगायचे. ऋतुजा पुढं शिकायला धाराशिवला गेली. आता ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि भागवत ते सगळ्यांना सांगत असतो.

माझी बदली पुढं आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीला झाली. सर काही काळानं निवृत्त होऊन मुलीकडं पुण्याला गेले. फोनवर बोलणं होतं, लिफ्टची भीती वाटते म्हणून जिनाच वापरतो, असं सांगतात. पण प्रत्यक्ष मी त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आदल्या दिवशी.

त्या हिवाळ्यात रामलिंगच्या जंगलात वाघ आल्याची बातमी होती. कुणी म्हणे विदर्भातून चालत आला, कुणी म्हणे वासरू नेलं, कुणी ठसे दाखवायचे. माणसं रानात जायची बंद झाली, शाळा लवकर सुटायला लागली. वस्तीवरच्या लेकरांची वाट जंगलाच्या कडेनं जायची. मी शाळेतला निरोप घेऊन स्कूटीवरून निघाले होते, ऊन उतरलं होतं. पुढं वळणावर ती लेकरं रांगेनं चाललेली दिसली. सगळ्यात पुढं मोठी पोरं, मध्ये लहान, आणि सगळ्यात मागं गरड सर. ते मध्येच उलटे होऊन दोन पावलं मागं बघत चालायचे, परत सरळ व्हायचे. मोठमोठ्यानं प्रश्न विचारत होते आणि लेकरं ओरडून उत्तरं देत होती.

मी गाडी हळू केली. "सर, तुम्ही मागं का? मध्ये चाला की."

"वाघ मागनं येतो, मॅडम," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक, ओठ कोरडे. एक चिमुरडी वळून आमच्याकडं बघायला लागली, तिला त्यांनी हातानं पुढं केलं.

"आणि यांना सोडून परत येताना? एकटेच येता?"

"त्याचा ईचार मी तिथं पोचल्यावर करतो."

मग ते पळतच रांगेशी गेले, कारण तेवढ्या बोलण्यात अंतर पडलं होतं. "चला, पुढचा," त्यांचा आवाज आला, जरा चिरकलेला. "पृथ्वीच्या सगळ्यात जवळचा तारा कोणता?" लेकरं एकसुरात ओरडली, "सूर्य." मी गाडी चालू ठेवून तिथंच थांबले. रांग झाडांमागं वळली. शेवटी सर राहिले, त्यांनी एकदा वळून मागचा सगळा रस्ता नीट बघून घेतला, आणि तेही वळले.